सातव्या रांजणापाशी

अक्काचे गुडघे आणि अक्काचा हट्ट यांच्या भांडणात गुडघे आजवर एकदाही जिंकलेले नाहीत. म्हणूनच तर दापोलीकडचं आमचं गार सावलीचं घर सोडून, ऐन आंबे उतरवायच्या दिवसांत, मी आणि माझी थोरली बहीण नगर जिल्ह्यातली राक्षसांची घरं बघायला गेलो. परत आल्यापासून जो तो विचारतो, "कशी झाली सहल?" अक्का सगळ्यांना "छान झाली" एवढंच सांगते आणि पुढचं माझ्यावर ढकलते. तोंडाने सांगून सांगून मी दमले, म्हणून आता लिहूनच काढते.

'सात रांजणांची राणी' हा चित्रपट तुम्ही पाहिला नसेल तर काही बिघडत नाही. मीही तो अर्धा झोपेतच पाहिला. त्यात उडणारा घोडा आहे, मुखवटे घातलेली राक्षससेना आहे, आणि एक राणी आहे जिचं नाव मांत्रिकाने चोरलंय. सगळे तिला राणीसाहेब म्हणतात, खरं नाव कुणालाच आठवत नाही, तिलाही नाही. शेवटी ती नदीच्या खडकात कोरलेल्या रांजणांपाशी जाते, सातव्या रांजणात तोंड घालून हाक मारते, आणि रांजण तिला तिचं नाव सांगतो.

अक्काने हा चित्रपट आधी भाच्याच्या मोबाईलवर पाहिला, मग स्वतःच्या मोबाईलवर, मग रोज दुपारी भांडी आवरल्यावर थोडाथोडा. सत्तरीला टेकलेल्या बाईने जादूचे चित्रपट बघावेत याचं मला हसू यायचं. एकदा म्हटलंही, "अक्का, या वयात लोक पोथ्या वाचतात गो." ती फणस चिरत होती. हाताला तेल, मान खाली. म्हणाली, "सुमे, मला यमू म्हणून शेवटची हाक कुणी मारली, आठवतं तुला?" मला आठवेना. "आईने," ती म्हणाली. "तिच्यानंतर मी अक्का, काकू, वहिनी, आजी. यमू कुठे गेली कोण जाणे. एकदा त्या रांजणात हाक मारून बघायचीय." मी भाच्याला फोन लावला, आणि त्याने ही बसची सहल शोधून काढली.

नगर: महाल आणि मुखवटे

गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण रिक्षावाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी नगरच होतं, तेव्हा मीही तेच लिहिते. सहलीची बस म्हणजे शहरात फिरणारी जुनी सिटी बस, दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलेली. बाहेरून राक्षसांची चित्रं चिकटवलेली, आत मात्र 'सुट्टे पैसे द्यावेत' ही पाटी तशीच. आम्ही दोघी आणि दोन-तीन कुटुंबं सोडली तर बाकी सगळी पुण्याकडची कॉलेजची पोरंपोरी. बस चालवायला रशीदचाचा, आणि माहिती सांगायला दत्ता.

दत्ता तिशीचा, सडपातळ, पारनेर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा. नदीतली जागा चित्रपटवाल्यांना त्यानेच दाखवली होती, आणि त्या बदल्यात त्याला राक्षससेनेत तिसऱ्या रांगेत उभं केलं होतं. "पिच्चरमधी मी हाय मावशी," तो अक्काला म्हणाला, "पर दिसत न्हाई. तोंडावर मुखवटा हुता ना." ही त्याची पहिलीच सहल. ही नीट पार पडली तर दर रविवारी बस सोडायची असं त्याचं ठरलं होतं. पहिली बस, पहिले प्रवासी, त्यामुळे त्याची लगबग एखाद्या नव्या जावयासारखी चालली होती.

पहिला मुक्काम शहराबाहेरच्या डोंगरावर, चांदबीबीच्या महालात. लोक महाल म्हणतात, पण ती खरी एका सरदाराची कबर आहे. आठ कोनांची, दगडी, उंच आणि उघडी इमारत. चित्रपटात इथे मांत्रिकाचा मनोरा होता. वारा एवढा, की आमच्या खाडीवरचा वारा त्याच्यापुढे लहान मूल. वरच्या मजल्यावर जाणारा जिना अरुंद आणि काळोखा. अक्का भिंतीला हात लावत एकेक पायरी चढत होती, मी मागून तिला धरून. एवढ्यात वरून मुखवटा घातलेला कुणीतरी धप्पकन पुढ्यात आला आणि ओरडला, "राक्षस आला, पळा!" मागची पोरं किंचाळत, हसत, धडाधड खाली धावली. अक्काला धावता येत नाही, म्हणून ती जागच्या जागी उभी राहिली आणि तिने हातातली छत्री राक्षसाच्या डोक्यात घातली.

मुखवट्याखाली अर्थातच दत्ता होता. मी त्याला तिथेच झापला. "म्हातारं माणूस जिन्यावरून गडगडलं असतं म्हणजे काय केलं असतंस?" तो डोकं चोळत म्हणाला, "चुकलं मावशी. पर पोरांना लई आवडतं." ते मात्र खरं होतं. खाली पोरं टाळ्या पिटत होती आणि उद्या नदीवर काय करणार म्हणून त्याला विचारत होती. "उद्याचं उद्या," दत्ता म्हणाला, आणि माझ्याकडे बघून त्याने मुखवटा पिशवीत टाकला. मला तो प्रकार मुळीच आवडला नव्हता.

फराहबाग: भिंतीमागचा फोन

दुपारी फराहबाग. हा महाल कुणा निजामशहाच्या काळात भल्यामोठ्या तलावाच्या मधोमध बांधला होता. आता तलाव गेला, महाल कोरड्या जमिनीवर उभा आहे. चित्रपटात भोवती निळंशार पाणी आहे, ते कॉम्प्युटरवर ओतलेलं. अक्का एका कमानीत बसून राणी कुठून आली, कुठे वळली ते बारकाईने बघत होती. मी सावली शोधत मागच्या भिंतीकडे गेले, तर पलीकडून दत्ताचा आवाज आला. हलका, पण घाईचा.

"मामा, तेवढं कराच. उद्या जेवनाच्या टायमापर्यंत पानी धरून ठेवा. मानसं वर काढली की मी फोन करतो, मग सोडा."

मी भिंतीला वळसा घालून त्याच्यासमोर उभी राहिले. "कुठलं पाणी?" मी विचारलं. त्याने फोन खिशात घातला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग सांगितलं.

आमच्या घरामागून पऱ्ह्या वाहतो, म्हणजे ओढा. पावसात येतो, होळीपर्यंत आटतो, कुणाला विचारत नाही. इकडची नदी तशी नाही. उन्हाळ्यात ती कोरडीच असते आणि वरच्या धरणातून ठरल्या वेळी तिच्यात पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. यंदाचं आवर्तन सहलीनंतर येणार होतं. पण खालच्या गावांतला कांदा पाण्यावाचून माना टाकायला लागला, लोकांनी मागणी लावून धरली, आणि पाणी त्याच दिवशी सकाळी सुटलं. रांजणांच्या वरच्या अंगाला दत्ताच्या मामाचं गाव आहे, तिथे एक बंधारा. त्याच्या मोऱ्यांत लोखंडी फळ्या बसवल्या की पाणी अडतं, काढल्या की वाहतं. या फळ्यांना ढापे म्हणतात. शेवटच्या गावाला पाणी आधी पोचावं म्हणून वरच्यांनी ढापे काढून ठेवायचे, असा नियम. आणि मामा आज संध्याकाळी ते बसवणार होता, उद्या रांजण कोरडे राहावेत म्हणून.

"भाच्यानं शब्द टाकल्यावर मामा न्हाई म्हनत न्हाई, मावशी," दत्ता म्हणाला. भाच्याचा मान आमच्याकडेही असतो. लग्नात मामा धोतर नेसवील, अंगठी घालील. पण भाच्यासाठी नदी अडवणारा मामा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आणि मधेच सुटलं म्हणजे?"

"सुटंल कसं? मामा सोता तिथं बसनार हाय. दोन-तीन घंट्याचा तर प्रश्न."

"ते मला नको सांगू. सगळ्यांना सांग."

त्याचा चेहरा उतरला. "मावशी, पैलीच ट्रिप हाय. मानसं भ्याली तर परत कोन येतंय? मी असं करतो, पानी येऊ शकतं असं सांगतो. हाक मारली की वर यायचं, लगेच." मी बराच वेळ त्याच्याशी वाद घातला. शेवटी दोन अटींवर गप्प बसले: ही सूचना तो उतरण्याआधी प्रत्येकाला देईल, आणि माझी बहीण नदीत पाऊल टाकणार नाही. खालच्या गावांना पाणी उशिरा पोचेल, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मला फक्त अक्काचे गुडघे दिसत होते.

संध्याकाळी एका खानावळीत मासवडी मागवली. नाव ऐकून मी खुशीत होते, तर आली बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून केलेली वडी आणि सोबत लालभडक रस्सा. मासा औषधालाही नाही. पण बाजरीच्या भाकरीबरोबर ती अशी लागली की मी तक्रार गिळली. जेवताना अक्काला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, रश्शाचा भुरका मारला आणि म्हणाली, "म्हणजे पाणी अडवलेलं आहे ना? मग झालं तर."

"अक्का, तू खाली उतरायचं नाहीस."

"इतक्या लांब मी काठावरून बघायला आल्ये होय?"

आणि तिने आणखी एक भाकरी मागवली. तिचं ठरलं होतं.

नदीत

निघोजची कुंडं पुष्कळांना ठाऊक आहेत, शाळांच्या सहलीही तिथे जातात. चित्रीकरण झालं ते त्याच नदीत, पण वरच्या अंगाला, जिथे बाहेरचं माणूस फारसं फिरकत नाही. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हे वाचून कुणी तिकडे धावू नये एवढंच.

वाटेत दोन्ही बाजूंना कांदा. पाती पिवळी पडून आडवी झालेली. शेतात माणसं नव्हती, ती सगळी कुठे गेली असतील असं मला वाटून गेलं. बस काठावर थांबली आणि खाली पाहिलं तर काळाभोर खडक, त्यात पाण्याने घोटून घोटून केलेले गोल खळगे. काही ताकाच्या डेऱ्याएवढे, काही माणूस उभा मावेल एवढे, काठ मात्र सगळ्यांचे गुळगुळीत. मी पाहिलेल्या कुठल्याही देवळात इतकं सुंदर कोरीवकाम नव्हतं.

दत्ताने शब्द पाळला. सगळ्यांना एकत्र करून सांगितलं, "पानी कवाबी येऊ शकतं. हाक मारली की जिथं असाल तिथनं वर यायचं." पोरांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले. कालचा राक्षस त्यांच्या ध्यानात होता. मी माझा फोन बघितला. काठावर रेंजची कशीबशी एक काडी, दोन पावलं खाली उतरले तर तीही गेली.

"तुझ्या मामाचा फोन तुला खाली लागणार कसा?" मी दत्ताला विचारलं. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्याने आपला फोन रशीदचाचांच्या हातात दिला. "चाचा, मामाचा फोन आला तर हॉर्न वाजवा. थांबू नका, वाजवतच ऱ्हावा." चाचांनी फोन पुढ्यात ठेवला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

मी वळून पाहते तो अक्का खडकावर बसून एकेक टप्पा घसरत खाली निघालेली. लहानपणी आम्ही डोंगरउतारावर अशाच घसरायचो. मी ओरडले, "अक्का, काय ठरलं होतं?" ती म्हणाली, "तुझं ठरलं होतं." दत्ता धावत गेला तर त्याला म्हणाली, "धरायचा तर हात धर, नाहीतर मी एकटी जाते." त्याने हात धरला. मीही पदर खोचून मागोमाग उतरले. वर उभं राहून बघत बसणं मला जमलं नसतं.

सातवा रांजण सगळ्यांत लांब. मधे एक चिंचोळी घळ होती, तिच्यावर आडवी पडलेली शिळा ओलांडून जावं लागायचं. ऊन टाळूवर, खडक पायाखाली तापलेला, आणि मी दर चार पावलांनी नदीच्या वरच्या वळणाकडे बघत होते. तिथे काहीच नव्हतं. कोरडा दगड आणि एक बगळा.

रांजणापाशी पोचल्यावर अक्काने पदर नीट केला, चष्मा माझ्याकडे दिला आणि पालथी पडून तोंड आत घातलं. मग तिने हाक मारली, "यमूऽऽ". आतून आवाज आला, "मूऽऽ". तिने पुन्हा मारली. दुसऱ्या हाकेला तिचा आवाज फुटला, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आईची हाक अगदी तशीच लांब असायची.

"सुमे, इकडे ये," अक्का म्हणाली. "ऐक. मी गप्प झाल्ये तरी हा अजून बोलतोय गो."

मी वाकले. खरंच, आत एक घुमारा होता. खोल, सारखा, पलीकडच्या घरात कुणी जातं ओढत असावं तसा. अक्काच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला वाटलं, असू दे, जादू तर जादू. दत्ता हसत गुडघ्यांवर बसला आणि त्याने कान लावला.

त्याचं हसू गेलं. त्याने दुसरा कान लावला. मग तो उठला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता.

"खालनं दगडातनं येतोय आवाज," तो म्हणाला. "पानी हाय."

आणि त्याच क्षणी वर हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना.

"वर चला! पानी आलं, वर चला!" दत्ता ओरडत होता. पोरं हसली. एकजण मोबाईल वर धरून म्हणाला, "काल राक्षस, आज पाणी. दादा, अॅक्टिंग एक नंबर." लांडगा आला रे आला ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आले, पण तिच्यातल्या मेंढपाळाचा चेहरा त्या दिवशी पाहिला. मी जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या मुलाच्या हातातला मोबाईल खाली आला, आणि तेवढ्यात वरच्या वळणावरचा बगळा उडाला. खडकांच्या फटीतून तपकिरी पाण्याची एक बारीक धार वाळलेली पानं आणि एक प्लास्टिकचा कप पुढे ढकलत आमच्याकडे येत होती. मागून आवाज येत होता. मग सगळी पळाली.

अक्का उठून बसली, आणि तशीच बसून राहिली. "सुमे, माझे गुडघे उठत नाहीत गो." आयुष्यात तिने माझ्याजवळ कधी भीती बोलून दाखवली नव्हती. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं, ती हलेना. मला एवढंच कळत होतं की मी तिला सोडून जाणार नाही, आणि ती म्हणत होती, "तू जा. तू आधी जा."

दत्ता पोरांना काठाकडे पिटाळून परत आला. पाठ करून बसला. "घ्या पाठीवर. मावशी, तुमी मागनं रेटा." अक्का काही हलकी बाई नव्हे. तो उठताना एकदा डगमगला, पण उठला. शिळेपाशी पोचलो तोवर घळ भरली होती आणि शिळेवरून घोट्याएवढं पाणी पळत होतं. दत्ताने पाय टाकला. मी त्याचा सदरा धरून मागे. मधोमध त्याचा पाय सटकला, तो एका गुडघ्यावर आला, आणि अक्काची पावलं पाण्यात बुडाली. पाणी आता माझ्या पोटऱ्यांना मागे खेचत होतं. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

पलीकडून एक हात पुढे आला. तो मोबाईलवाला मुलगा. त्याच्या मागे एक मुलगी, तिने त्याचा पट्टा धरलेला, तिच्या मागे आणखी कुणी. त्याने दत्ताचं मनगट धरलं आणि सगळ्यांनी मिळून आम्हाला ओढून घेतलं. काठावर चढून मागे वळले तेव्हा पाणी एकेक रांजण भरत चाललं होतं. सातवा दिसेनासा झालेला होता.

पाण्याच्या आधी

अक्काला बसच्या सावलीत बसवलं. कुणी पाणी प्यायला दिलं तर तिने नको म्हणून मान हलवली. दत्ता जमिनीवर बसला होता, गुडघा फुटून रक्त येत होतं. रशीदचाचा म्हणाले, फोन आला तेव्हा मामाच्या तोंडून शब्दच फुटत नव्हते. त्यांनी शब्दांची वाट न बघता हॉर्न दाबला होता.

थोड्या वेळाने नदीकाठच्या रस्त्याने तीन-चार मोटारसायकली धुरळा उडवत आल्या. पुढच्या गाडीवर मागे बसलेला फेटेवाला म्हातारा म्हणजे मामा, आणि गाडी चालवणारा चाळिशीचा शेतकरी म्हणजे खालच्या गावातला माणूस. धरणातून सुटलेलं पाणी सकाळ झाली तरी पोचलं नाही, म्हणून ही मंडळी नदीच्या काठाकाठाने वर शोधत गेली होती. बंधाऱ्यावर ढापे बसवलेले दिसल्यावर त्यांनी ते ओढून काढले. मामा ओरडत होता, खाली माणसं आहेत. त्यांनी ऐकलं नाही.

गाडी थांबताच त्या शेतकऱ्याने खाली उडी टाकली. आमच्याकडे बघत त्याने डोकी मोजली, मग विचारलं, "समदी हायेत ना?" रशीदचाचा हो म्हणाले, तसा तो मटकन अक्काच्या पायांपाशी बसला आणि तिचे ओले पाय त्याने दोन्ही हातांनी धरले.

"मावशी, आमाला वाटलं म्हातारा थाप मारतोय. पान्यासाठी लोक काय बी थाप मारत्यात. मग ह्यो रडाया लागला तवा कळलं. ढापं परत टाकाया बघितलं, पर चालत्या पान्यात बसत्यात व्हय?" तो लहान मुलासारखा रडत होता.

मग त्याची नजर दत्ताकडे गेली. तो उठला. बरोबरच्यांनी मामाची गचांडी धरलेली होती. "मामाला सोडा," दत्ता म्हणाला. "मी सांगितलं हुतं. त्यांचा दोष न्हाई." शेतकऱ्याने हात उगारला. दत्ताने तोंड चुकवलं नाही.

"भाऊ," अक्का म्हणाली. काठावर आल्यापासूनचा तो तिचा पहिला शब्द. "पाणी तुमचं होतं. मधे आम्ही येऊन बसलो होतो."

त्याचा हात हवेतच राहिला. ते वाक्य ऐकून मला माझीच लाज वाटली, कारण आदल्या दिवसापासून मी पाण्याचा एवढा विचार केला होता आणि ते कुणाचं आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं. शेतकऱ्याने हात खाली घेतला, तोंड पुसलं. म्हणाला, "आमच्या गावात अजून पोचलं न्हाई. सकाळधरनं बाया काठावर बसल्यात." मग दत्ताला म्हणाला, "चल. तिथं येऊन सांग, काय सांगायचं ते."

बस त्यांच्या मागे निघाली. नदी वळणं घेत जाते, रस्ता सरळ, त्यामुळे आम्ही पाण्याच्या आधी पोचलो. खालच्या गावाच्या काठावर सगळं गाव जमलं होतं. बायांच्या हातात ताटं, त्यांत हळदकुंकू आणि नारळ. पाणी आलं की त्याची ओटी भरायची अशी त्यांची रीत. समोर नदी कोरडी होती आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या होत्या.

दत्ता लंगडत पुढे गेला आणि उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. का अडवलं, कुणासाठी अडवलं, आणि काय होता होता राहिलं. आवाज कापत होता, पण त्याने काही लपवलं नाही. गर्दीतून दोन-चार शिव्या आल्या. मग एक वाळकी, उंच म्हातारी पुढे झाली. अक्काच्याच वयाची असावी. तिने त्याच्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं, ओल्या विजारीकडे बघितलं.

"आमच्या आधी तुला भेटलं म्हन की पानी," ती म्हणाली आणि ताटातला नारळ तिने त्याच्या हातात दिला. "ज्यानं अडवलं त्यानंच आज पुढं व्हायचं. जा."

वळणावर तपकिरी रेघ दिसली. पाणी दगडांना वळसे घालत, चुरचुरत, तापलेल्या वाळूत जिरत जिरत आलं आणि दत्ताच्या पावलांपाशी पोचलं. त्याने वाकून नारळ सोडला, पाण्यात हात बुडवून कपाळाला लावला, आणि कितीतरी वेळ तो तसाच वाकलेला राहिला. मागे बायांनी ओटी भरायला सुरुवात केली. अक्काने माझा हात धरला होता. तो न सोडता ती पाण्याच्या दिशेने चालायला लागली.